डिकीतल्या अ‍ॅम्पला कूलरचा न्याय

नागपुरात मे महिन्यात खिडक्या बंद करून कूलर लावला तर काय होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हवेला बाहेर जायला वाट लागते. तरी मी माझ्या स्विफ्टमध्ये तीच चूक केली.

स्टेपनीवर प्लायवूडची खोटी फळी टाकली, वर कार्पेट डकवलं, खाली गाण्यांचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा चार चॅनलचा क्लास-एबी अ‍ॅम्प. दिसायला झकास. वर्ध्याला लग्नाला निघालो आणि बुटीबोरीच्या पुढे गाणी गप्प. अ‍ॅम्पचा लाल दिवा लागलेला, म्हणजे प्रोटेक्ट: फार तापला की तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. मेहुणा म्हणाला, फ्यूज गेला असेल. फ्यूज धडधाकट होता. वीस मिनिटं डिकी उघडी ठेवली, साहेब पुन्हा गायला लागले.

क्लास-एबी अ‍ॅम्प जोरात वाजताना जवळपास जेवढी ताकद स्पीकरला देतो, तेवढीच उष्णतेत घालवतो. क्लास-डी हा दुसरा प्रकार 80 टक्क्यांच्या वर कार्यक्षम असतो. त्यामुळे बंद जागेत नवा घेणार असाल तर डोळे मिटून डी घ्या. मला जुन्याचा आवाज सोडवला नाही, म्हणून पुढचा उद्योग.

आधी मी एकच पंखा लावला. तो तीच गरम हवा आत घोळवत बसला. मग फळीच्या मागच्या सीटकडच्या कडेला एक भोक, कारण तिथे एसीची हवा पोचते, आणि त्याच्या विरुद्ध टोकाला दुसरं. कॉम्प्युटरचे 80 मिमीचे दोन 12 व्होल्टचे पंखे बसवले: सीटकडचा आत ढकलतो, दुसरा बाहेर ओढतो. अ‍ॅम्प मधोमध, त्याच्या बॉडीवरच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या हवेच्या दिशेने. बाहेरचं भोक फळीच्या उभ्या बाजूला काढा; वर काढलंत तर पहिलीच बॅग त्यावर बसेल. आत जाणाऱ्या भोकाला मच्छरदाणीची जाळी लावा आणि ती महिन्याला झटका. आपल्याकडची धूळ काय सांगायची!

पंखे थेट रिमोट वायरवर टाकू नका, ती स्टिरिओकडून येते आणि फक्त 'चालू हो' या इशाऱ्यापुरती असते. रिले, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच, घ्या; त्याच्या टोकांवर नंबर असतात: 86 ला रिमोट, 85 ला अर्थ, 30 ला अ‍ॅम्पच्या प्लसवरून 2 अँपिअरचा फ्यूज घालून वायर, 87 वरून पंखे. पंख्यांच्या वायरीत 50 अंशांचा नॉर्मली ओपन थर्मल स्विच (तेवढं तापल्यावरच जोडणारा) टाकून तो अ‍ॅम्पच्या बॉडीला घट्ट चिकटवला, की थंडीत पंखे उगाच गुरगुरत नाहीत.

दोन गोष्टी मात्र पंखा सावरू शकत नाही. चार ओहमच्या अ‍ॅम्पला दोन ओहमच्या स्पीकरचा भार, आणि गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण, शेवटपर्यंत पिळलेलं. माझ्या फिटरने दुसरी केली होती. गेन निम्म्यावर आणला, तेव्हाच अर्धी उष्णता गेली असं मला वाटतं.

आता अर्धा तास वाजवल्यावर बोटं बॉडीवर टेकवतो. पाच सेकंद टिकली तर ठीक. नाही टिकली तर आधी जाळी बघतो, मग बॅगा.