फळमाशीला फळाचा वास कसा लागतो आणि तिला वाटेतच कसं अडवायचं

मांडवात गंध सापळा टांगला, आठवडाभरात तो माश्यांनी भरला, तरी तोड्याला डंखी कारली निघतातच. हे असं का, असं नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या आसपास दर पावसाळ्यात मला कोणी ना कोणी विचारतं. सापळ्यात पडतात ते नर. डंख मारते मादी, आणि ती सापळ्यातल्या वडीच्या, म्हणजे वासाचं द्रव्य मुरवलेल्या ठोकळ्याच्या, वासाला येतच नाही. तिला दोन वेगळे वास ओढून आणतात, एक पोटासाठी आणि दुसरा अंडी घालण्यासाठी. म्हणजे नराचा एक आणि मादीचे दोन, असे तीन वास झाले. तिन्हींचा बंदोबस्त केला तरच माल वाचतो. मी कारली आणि पेरू दोन्ही घेते, आणि माझं सगळं नियोजन या तीन वासांवरच बेतलेलं असतं.

आधी माशी नीट ओळखा. घरात केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं. ती फळापेक्षा आंबलेल्या गरावरच्या यीस्टच्या वासाला येतात. वाटीभर व्हिनेगरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून ओट्यावर ठेवलं की त्यांचं काम होतं. शेतातली फळमाशी साधारण घरमाशीएवढी असते. पेरू-आंब्यावरची बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, तिच्या गडद पाठीवर दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे असतात आणि पंख जवळजवळ स्वच्छ. कारली, दोडका, काकडीवरची तांबूस-पिवळी, पंखांवर तपकिरी डाग, ती झ्यूगोडॅकस क्युकरबिटी. दोन्ही जातींच्या नरांना वेगळी वडी लागते, म्हणून आधी खात्री करा. बरणीत चार बोटं ओलसर रेती घ्या, वर डंखी फळ ठेवा आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. पूर्ण वाढलेली अळी फळाबाहेर पडते, अंगाची कमान करून तोंड शेपटाला टेकवते आणि टुणकन उडी मारून रेतीत शिरते. ही उडी एकदा बघाच, म्हणजे खाली पडलेलं फळ तसंच सोडायचं नाही हे कोणी सांगावं लागणार नाही. पंधरवड्याच्या आसपास माश्या बाहेर आल्या की पंख बघून ठरवा.

आता वास. माशीचं नाक म्हणजे तिच्या डोक्यावरच्या दोन आखूड मिशा. त्यांच्या शेवटच्या जाड भागावर सूक्ष्म केस असतात आणि ते हवेतले वासाचे रेणू टिपतात. हवेत वास सलग पसरत नाही, उदबत्तीच्या धुरासारखा तुटक धाग्यांनी वाहतो. धागा मिशीला लागला की माशी वाऱ्याच्या तोंडाला वळून पुढे सरकते. धागा सुटला की आडवी, डावी-उजवीकडे उडत तो परत शोधते. जवळ आल्यावर डोळे कामाला लागतात, म्हणजे फळाचा रंग, गोलाई, आकार. शेवटी ती फळावर उतरते आणि सालीवर चालत पायांनी, तोंडाने चव घेऊन जागा पक्की करते. शेतकऱ्याच्या कामाचा मुद्दा यात एवढाच, की वासावर येणारी माशी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने येते. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या बाजूने येतो आणि मांडवाचा वास पूर्वेला जातो, म्हणून मी पूर्वेच्या बांधावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवते.

नरांच्या वासाचा शोध आपल्याच देशातला आहे. बिहारमधल्या पुसा इथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हाऊलेट यांच्या १९१२ च्या सुमारास लक्षात आलं, की डास पळवायला वापरतात त्या सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे नर झुंडीने येतात. पुढे त्यांनीच या ओढीमागचं द्रव्य दाखवून दिलं, ते मिथाईल युजेनॉल. पेरू-आंब्यावरच्या माशीचे नर ते अक्षरशः चाटतात. पोटात त्याचं रूपांतर होतं, गुदाजवळच्या ग्रंथीत ते साठतं आणि तिन्हीसांजेला नर ते हवेत सोडून मादीला बोलावतो. तुळशीच्या काही वाणांतही हे द्रव्य असतं. आमच्या सासूबाई वृंदावनाजवळ माश्या जमतात म्हणायच्या, ते खरंच होतं. वेलवर्गावरच्या माशीच्या नरांना मात्र मिथाईल युजेनॉल चालत नाही, त्यांना क्यु-ल्युर हे दुसरं द्रव्य लागतं. कारल्याच्या मांडवात आंब्याची वडी टांगून फार पैसे वाया जातात. दुकानात पाकीट उघडायच्या आधी नाव वाचा.

सापळा विकत घ्यायचा तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा चांगला आहे. घरी करायचा तर एक लिटरची पाण्याची बाटली पुरते. वरच्या तिसऱ्या हिश्शात समोरासमोर बोट जाईल एवढी चार भोकं पाडा. वडी तारेने झाकणाला बांधा आणि ती भोकांच्या पातळीला लोंबेल अशी ठेवा. तळाशी दोन बोटं साबणाचं पाणी घाला. टांगायच्या तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि किती पडल्या ते कळत नाही. वडी हातमोजे घालूनच हाताळा. मिथाईल युजेनॉल अंगाला चांगलं नाही, आणि बोटांना लागलं तर नर येऊन बोटांवरच बसतात. एकरी चार-पाच सापळे, उन्हाची तिरीप थेट पडणार नाही पण वारा आरपार जाईल अशा जागी लावा. उन्हात वडी लवकर उडून जाते आणि दाट पानांत वास कोंडतो. एका सापळ्यात दोन्ही वड्या घालू नका, वेगळे सापळे करा.

सापळे फळ दिसल्यावर लावले तर उशीर झालेला असतो. एक नर अनेक माद्यांशी जुळतो. निम्मे नर मारले तरी उरलेले पुरतात, आणि जुळून झालेली मादी नर नसला तरी अंडी घालतच राहते. म्हणून पेरूला फळधारणेच्या आधी आणि वेलाला फुलोऱ्याआधी सापळे लागले पाहिजेत. शेजारच्या दोन-चार शेतकऱ्यांनी बरोबरीने लावले तर फरक ठळक दिसतो. एकट्याच्या एकरात सापळ्यांचा खरा उपयोग माशी वाढतेय की नाही हे कळायला होतो. आठवड्याला मोजा आणि वहीत लिहा.

मादीचं पहिलं येणं पोटासाठी असतं. अंडी पक्व व्हायला तिला प्रथिनं लागतात, आणि फळाच्या गोड रसात ती जवळजवळ नसतात. पानांवरचे जिवाणू, मावा-पिठ्या ढेकणाचा चिकटा, पक्ष्यांची विष्ठा यांवर ती जगते. यातून येणाऱ्या अमोनियासारख्या वासाच्या मागे ती भुकेली असताना धावते. वेलवर्गावरची माशी तर दिवसाचा बराच वेळ मांडवाबाहेर, बांधावरच्या उंच झाडोऱ्यात काढते आणि अंडी घालण्यापुरती आत येते. मांडवात कितीही फवारलं तरी ती का वाचते याचं कारण हे आहे. मी बांधाला मका लावते. चारही बाजूंना जमलं तर उत्तम, नाहीतर निदान वारा जिकडे जातो त्या बाजूला. आमिष मारायचं ते या मक्यावर. यीस्ट किंवा प्रथिनांचं तयार आमिष मिळतं, ते लेबलवर दिलेल्या प्रमाणात घ्या आणि मोठे थेंब पडतील असं पानांच्या खालच्या बाजूला ठिपक्यांनी मारा. पाऊस झाला की परत मारा. गुळाचं पाणी वापरतात, पण गुळावर मधमाश्या येतात आणि कारल्याला फळ धरायला मधमाशी हवी. मला गुळाचा मार्ग पटत नाही. फुलावर, फळावर आमिष कधीच नको.

तिसरा वास फळाचा. पेरू पिवळसर व्हायला लागला की त्याचा गोड सुवास हवेत सुटतो आणि अंड्यांनी भरलेली मादी त्याच्या मागावर निघते. आंब्यातलं गॅमा-ऑक्टालॅक्टोन हे एक द्रव्य तर मादीला अंडी घालायला उद्युक्त करतं, असं संशोधनात दिसलं आहे. काकडी चिरताना जो हिरवट वास येतो तोही वेलवर्गावरच्या माशीला ओढतो. म्हणूनच वाकडी कारली, फुटलेला दोडका, कीडकी काकडी बांधावर फेकणं म्हणजे आवतण देणं आहे. डंखाचं छिद्र जवळून बघा. सालीवर टाचणीएवढा खळगा आणि त्यावर वाळत आलेला तांबूस रसाचा थेंब दिसतो. कारलं त्या बाजूला आखडून वाकडं होतं. अशा तयार छिद्रात दुसरी मादीही येऊन अंडी घालते, म्हणजे एक डंखी फळ झाडावर ठेवलं की तिथे आणखी अंडी पडतात. एक मादी आयुष्यात हजाराच्या वर अंडी घालू शकते. दर तोड्याला डंखी आणि पडलेली फळं वेगळ्या क्रेटमध्ये गोळा करा आणि दोन फूट खड्ड्यात पुरा, नाहीतर काळ्या प्लास्टिक पिशवीत तोंड घट्ट बांधून कडक उन्हात टाका. शेणखताच्या उकिरड्यावर टाकलेल्या फळातली अळी जगते.

फळ झाकणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. वास बाहेर आला तरी मादीची अंडी घालायची नळी सालीपर्यंत पोहोचत नाही. नाशिकला द्राक्षाचे घड कागदात गुंडाळायचा सराव सगळ्यांना आहे, तेच हात पेरूला वळवा. पेरू लिंबाएवढा झाला की फोमची जाळी आणि त्यावर पिशवी. कारल्याला वर्तमानपत्राची दुहेरी पिशवी, तीही कळीचं फळ होताच दोन दिवसांत, कारण ही माशी कोवळ्या फळालाच गाठते. मजुरी लागते, पण निर्यातीचा माल असेल तर इलाज नाही. १ मे २०१४ पासून युरोपने हापूसबरोबर आपलं कारलंही बंद केलं होतं, कारण पाठवलेल्या मालात फळमाशी सापडत होती. आंबा अमेरिकेला जातो तोही लासलगावच्या विकिरण केंद्रात किंवा तशाच ठिकाणी किरणांची किमान ४०० ग्रे एवढी मात्रा घेऊन, म्हणजे आत अळी राहिली असली तरी तिची माशी होत नाही.

पेरूवाल्यांसाठी एक गोष्ट सगळ्यांत स्वस्त आहे: पावसाळ्यात पिकणारा आंबे बहर सोडा आणि थंडीत येणारा मृग बहर धरा. पावसाळ्यात पिकणाऱ्या फळावर माशीचा जोर असतो, थंडीत येणाऱ्या फळावर तो बराच उतरतो. आणि पेरू झाडावर पूर्ण पिकू देऊ नका. रंग फिरायला लागला की तोडा, वास सुटायच्या आत.

शेवटचा तोडा झाला की वेल मांडवावर सुकत ठेवू नका, त्याच आठवड्यात उतरवा. अळी मातीत दोन-तीन इंचांवर कोष करते, म्हणून वाफसा आल्यावर, म्हणजे मातीतली ओल बेताची झाली की, वखरणी करून माती उलटी करा, म्हणजे कोष उन्हाला आणि पक्ष्यांना उघडे पडतील. सापळे मात्र महिनाभर तसेच राहू द्या, उरलेल्या कोषांतून निघणारे नर त्यात येतील.