खाली केलेली गाडी टायर का खाते? अलाइनमेंट शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

चाकांचे कोन मोजणाऱ्या अलाइनमेंट मशीनच्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे हिरवे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत होते. लहान स्प्रिंगा बसवून गाडी त्याच सकाळी खाली केली होती. मी टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकाचं पुढचं टोक आत किंवा बाहेर वळण्याचा कोन, जुळवला, प्रिंट काढून गाडीमालकाच्या हातात दिली आणि पुढच्या गाडीकडे वळलो. दोन महिन्यांनी तो परत आला. पुढचे टायर समोरून नव्यासारखे दिसत होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघितली, तर रबर संपून टायरच्या आतल्या तारा बाहेर आलेल्या. तशा टायरांवर तो घरच्यांना घेऊन हायवेने फिरत होता हे कळलं आणि माझ्या पोटात गोळा आला. "अलाइनमेंट तुमच्याकडूनच करून घेतलं होतं," एवढंच तो म्हणाला.

मी लगेच कॅम्बरवर बोट ठेवलं. गाडी खाली केली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, म्हणून आतली कड घासते, असा माझा हिशेब. उस्तादांनी मशीन चालूच करू दिलं नाही. "आधी टायरवर हात फिरव," म्हणाले. तळवा आडवा एका दिशेने सरकवला तर नक्षी मऊ लागली, उलट दिशेने आणला तर प्रत्येक पट्टीची कड करवतीसारखी बोचली. नुसत्या कॅम्बरने आतली बाजू उतरती होते, पण गुळगुळीत राहते. अशी धार टोमुळे येते, कारण चाक फिरता फिरता आडवं फरफटत असतं.

फरफट किती, ते मी नंतर गणित करून पाहिलं आणि तेव्हापासून टोकडे कधी दुर्लक्ष केलं नाही. एखाद्या चाकाचा टो योग्य जागेपासून फक्त 0.2 अंश, म्हणजे 12 मिनिटं चुकला, तरी ते चाक दर किलोमीटरला जवळपास साडेतीन मीटर आडवं ओढलं जातं. पूर्ण एक अंश चुकला तर साडेसतरा मीटर. याउलट दीड-दोन अंश निगेटिव्ह कॅम्बरच्या, पण टो नेमका असलेल्या गाड्या टायर बऱ्यापैकी सरळ झिजवताना मी पाहिल्या आहेत. टायर वाईट रीतीने मरतो तो दोन्ही एकत्र आल्यावर: कॅम्बर जास्त भार आतल्या कडेवर टाकतो आणि टो-आउट, म्हणजे चाकांची पुढची टोकं बाहेर वळलेली असणं, तीच कड रस्त्यावर खरवडतो.

आता गाडी खाली केल्यावर टो का बिघडतो? लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) यांची लांबी आणि सांधे वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे सस्पेन्शन वरखाली होताना दोघांची टोकं वेगवेगळ्या कमानीत फिरतात. कंपनीने ठरवलेल्या उंचीजवळ या कमानी बऱ्यापैकी जुळतात. तिथून गाडी 40 मिलिमीटर खाली आणली की त्या फाकतात आणि टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा खेचतो. एकदा टो जुळवला तरी प्रत्येक खड्ड्यात तो हलत राहतो, याला बंप स्टिअर म्हणतात. कॅम्बरचंही सरळ गणित नाही. स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे जिथे चाकाला खाली एक आर्म आणि वर शॉक-स्प्रिंगचा उभा खांब धरतो तिथे, लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा बरंच वर गेलं, की आणखी खाली बसल्यावर निगेटिव्ह कॅम्बर वाढायचा थांबतो आणि उलट कमी व्हायला लागतो. वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या डबल विशबोनमध्ये तो साधारणपणे वाढतच जातो. म्हणून समोरची गाडी कुठल्या जातीची आहे हे खाली वाकून बघा, अंदाजाने बोलू नका.

माझी खरी चूक पडद्यावर दिसणारी नव्हती. स्प्रिंग बदलताना चाकं लटकत होती आणि त्याच अवस्थेत लोअर आर्मचे बोल्ट आवळले गेले होते. आर्मच्या सांध्यातला रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकला आणि गाडीला थोडं वर धरून राहिला. अलाइनमेंट त्या खोट्या उंचीवर झालं. पुढच्या काही दिवसांत बुश सैलावले, नव्या स्प्रिंगा बसल्या, गाडी आणखी खाली आली आणि त्या गाडीच्या रचनेत याचा अर्थ टो-आउट असा निघाला. आता खाली केलेली गाडी आली की मी आर्मचे बोल्ट सैल करतो, चाकांवर गाडीचं वजन येऊ देतो, पुढे-मागे ढकलून आणि दाबून तिला बसवतो, मग त्याच उंचीवर ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने, बोल्ट आवळतो. सांगायला दोन ओळी लागतात, पण या कामाचा वेळ मागून घ्यायला मी आता लाजत नाही.

मशीनला चाक लावण्याआधी टायरची हवा बघा, टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट या सांध्यांमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का ते हलवून बघा, व्हील बेअरिंग तपासा. सांधा ढिला असेल तर आकडा कितीही सुंदर आणा, पहिल्या वळणावर तो गेला. मग मागची चाकं आधी आणि पुढची नंतर, कारण मागचा टो वाकडा असेल तर गाडी तिरकी चालते आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही. पुढे कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) आधी, टो सगळ्यात शेवटी. कॅम्बरचा बोल्ट फिरवला की टोही हलतो, म्हणून आधी जुळवलेला टो पुन्हा बघावाच लागतो.

मागच्या चाकांबद्दल नवीन मुलं फार निष्काळजी असतात. मागे नुसता टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम, असेल तर तिथे फिरवायला बोल्ट नसतो, शिम म्हणजे पातळ चकती घालूनच कोन बदलावा लागतो. मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगवेगळे आर्म, असेल तर लांबी बदलता येणारे आर्म मिळतात. ते नसतील आणि कॅम्बर सुधारता येत नसेल, तर निदान टो नेमका ठेवा आणि मालकाला स्पष्ट सांगा.

पडद्यावरची हिरवी पट्टी कंपनीच्या उंचीसाठी असते, आणि तीही बरीच रुंद असते. दोन्ही टो हिरव्यात असले तरी एक एका टोकाला आणि दुसरा दुसऱ्या टोकाला असू शकतो. खाली केलेल्या गाडीत मी मधला आकडा धरतो, ड्रायव्हरच्या जागी त्याच्याएवढं वजन ठेवतो, आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजायला बोलावतो.

त्या मालकाचे टायर वाचण्यासारखे नव्हते. आतली कड नुकतीच झिजायला लागलेली असते तेव्हा टायर रिमवर उलटा बसवून थोडं आयुष्य मिळवता येतं. पण टायरवर आउटसाइड असं छापलेलं असेल तर तो उलटायचा नाही, आणि दिशेचा बाण असेल तर उलटल्यावर गाडीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचा. तारा दिसल्या असतील तर यातलं काहीच करायचं नाही, गाडी तिथेच थांबवायची. मी त्याला तसंच सांगितलं, नवे टायर येईपर्यंत पुढे स्टेपनी आणि आमच्याकडचं एक चाक लावून दिलं, आणि या वेळी बोल्ट सैल करून सुरुवात केली.