सीनाकाठी जाताना आधी अंथरूण, मग पांघरूण

सप्टेंबर २०२५च्या पुरात सीना नदीचं पाणी माढा, करमाळा, मोहोळ, परांडा तालुक्यांतल्या गावांत शिरलं. किराणा लगेच पोचतो. भिजून मणाची झालेली गोधडी उकिरड्यावर गेली, हे मात्र दिवाळी उलटून पहाटेचा गारठा पडला की आठवतं. म्हणून थंडीसाठी मदतीची गाडी भरण्याआधी दोघांनी गावात जाऊन यावं. त्यात एक बाई हवीच, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत तीच पोचते. ‘काय हवंय?’ असं विचारू नका, लोक संकोचानं ‘आहे की सगळं’ म्हणतात. ‘रात्री कोण कुठं झोपतं?’ विचारलं की खरं कळतं. तान्ही बाळं आणि दम्याची म्हातारी माणसं वेगळी लिहून घ्या.

पहिली खरेदी अंथरायच्या सामानाची. काळी जमीन वरून वाळलेली दिसली तरी आत ओल धरून असते, आणि नुसत्या भुईवर झोपलेल्याला वरून दोन पांघरुणं घातली तरी गारवा खालून लागतोच. तळाला ताडपत्री, तिच्यावर सतरंजी किंवा जाड गोधडी; बाज मिळाली तर उत्तमच. सोलापूर जवळ, त्यामुळे चादरींचा मोह होतो. चादर चांगलीच, पण ती सुती. डिसेंबरात एकीनं भागणार नाही. म्हाताऱ्यांसाठी लोकरीची घोंगडी बघा. टोचते खरी, पण त्यांना तिची सवय असते.

जुने कपडे घेताना मन घट्ट करा. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला अशा कपड्यांचे ढीग पडले होते. स्वेटर, कानटोप्या, मोजे एवढंच घ्या, तेही धुतलेलं, आणि वयानुसार गठ्ठे बांधा. सुती साड्या आल्या तर ठेवा. गावातल्याच बायकांना मजुरी देऊन त्या साड्यांच्या गोधड्या शिवून घेता येतात.

ऊसतोडीला निघणाऱ्यांचा वाटा ते जाण्याआधी पोचवा, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, थंडी जास्तच. मागे राहिलेल्या आजी-आजोबांचा आणि पोरांचा वाटा वेगळा धरा.

पत्र्याच्या खोलीत दार लावून कोळशाची शेगडी ठेवायची नाही, हे घरोघरी तोंडी सांगा. धूर दिसला नाही तरी कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूनं माणूस झोपेतच जातो. शेकोटी अंगणात, आणि झोपण्याआधी विझवलेली.

वाटप दिवसाउजेडी करा. फोटो नकोत, आधार कार्ड मागू नका. दहा-बारा पांघरुणं जादा ठेवा. यादीत नाव नसलेलं कुणीतरी गाडी वळवताना येतंच.