वापसा बघूनच आत उतरा: मध्य आयोवातल्या निकोलेट मातीसाठी एप्रिल ते जूनचा सल्ला

एप्रिलमधला पहिला उबदार शनिवार आला, बाहेर 70 डिग्री फॅरनहाइट दिसले की आपल्या लोकांचे हात शिवशिवायला लागतात. गराजमधनं फावडं निघतं, कोणीतरी टिलर (माती उलथायचं यंत्र) भाड्याने आणतं आणि दुपारपर्यंत निम्मी बाग उलथून झालेली असते. मी पण हेच केलं होतं, एम्सजवळ घर घेतलं त्याच्या दुसऱ्या वर्षी. वरून माती मस्त काळी भुरभुरीत दिसत होती म्हणून टिलर घातला, खाली चार बोटांवर ती मळलेल्या कणकेसारखी आहे हे बघितलंच नाही, आणि मग जूनमध्ये वाफ्यात नुसते विटांचे तुकडे. ढेकळं हातोडीने फोडायची वेळ आली, खरंच सांगतोय. पुढच्या हिवाळ्यात गोठून वितळून ती जराशी सैल झाली, तोपर्यंत ते वर्ष गेलंच.

म्हणून या सीझनला माझं सांगणं एकच, वापसा, म्हणजे पाणी मुरून माती काम करण्याइतकी सुकलेली असणं. गावाकडे आजोबा पाऊस झाल्यावर चप्पल बांधावर काढून शेतात दोन पावलं टाकायचे, पायाला माती चिकटतेय बघून "अजून वापसा नाही" म्हणत परत फिरायचे. इथले शेतकरी जमीन 'फिट' झाली का असं विचारतात, गोष्ट तीच.

आता इथल्या मातीबद्दल, कारण ती नेमकी काय आहे हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. स्टोरी, बून, हॅमिल्टन काउंटी आणि वर मिनेसोटाच्या दक्षिणेपर्यंत जो सपाट, किंचित लाटा असल्यासारखा भाग आहे तो हिमनदीने बनवलेला. साधारण 14 हजार वर्षांपूर्वी बर्फाची एक जीभ आत्ताच्या डे मॉइन शहरापर्यंत आली होती, ती वितळताना वाळू, गाळ, चिकणमाती, दगडगोटे सगळं मिसळून खाली टाकून गेली. दर वर्षी बागेत नवीन दगड कुठून येतात म्हणून विचारणारे असतात, ते कोणी टाकत नाही, थंडीत जमीन फुगते तशी खालचे दगड वर ढकलते. त्या गाळावर मग हजारो वर्ष माणसापेक्षा उंच गवत वाढलं आणि मुळं आतल्या आत कुजून जवळपास दीड फूट काळा थर तयार झाला. ती प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ, आता आयोवात हजारात एक हिस्सासुद्धा उरलेली नाही, पण माती तिचीच आहे.

इथं आपल्या लोकांचा एक गोंधळ होतो. काळी माती म्हटलं की आपल्या डोक्यात विदर्भ-मराठवाड्याची कापसाची काळी येते, चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. ही ती नाही. आपल्याकडची काळी बसाल्टपासून झालेली, तिच्यात निम्म्याच्या आसपास चिकणमाती असते आणि रंग काळा असला तरी सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतच. इथला काळेपणा खराखुरा ह्युमसचा आहे, सेंद्रिय पदार्थ 5 टक्क्यांच्या आसपास, आणि चिकणमाती साधारण पाव हिस्सा, म्हणजे सरळ पोयट्याची जमीन. त्यामुळे गावाकडची सवय म्हणून शेणखताच्या गाड्या ओतायची गरज नाही, वर्षाला इंचभर कंपोस्ट पुरे.

मग अडचण कुठे आहे तर पाण्यात. वेब सॉइल सर्व्हे या मातीच्या नकाशांच्या सरकारी वेबसाइटवर तुमचा पत्ता टाका, फुकट आहे, नकाशात 55 नंबर दिसला तर ती निकोलेट. जवळच उंचवट्यावर 138 म्हणजे क्लॅरियन, तिचा निचरा चांगला, आणि सखल भागात 107 म्हणजे वेबस्टर, ती चिबडच, पाणी साचणारी. निकोलेट या दोघींच्या मधली बहीण. सरकारी भाषेत निचऱ्याचे सात वर्ग आहेत, कोरड्याठाक वाळूपासून दलदलीपर्यंत, त्यात हिचा नंबर पाचवा, 'निचरा काहीसा कमी'. नाव ऐकून घाबरू नका, मक्याला ही आयोवातल्या उत्तम जमिनींपैकी आहे. फक्त वसंतात पाण्याची पातळी वर येते, एप्रिल-मे मध्ये एक ते तीन फुटांवर पाणी उभं असतं आणि वरून काही कळत नाही.

बघायचं असेल तर एक खड्डा करा. गेल्या एप्रिलमध्ये पेअरचं झाड लावायला मी अडीच फूट खणलं. वर फावड्याच्या दोन पात्यांएवढी काळी, हातात घेतली की रवाळ, मग हळूहळू करडी-तपकिरी होत गेली आणि त्यात राखाडी डाग आणि त्यांच्या कडेला गंजलेल्या खिळ्यासारखे तांबूस ठिपके. पाणी साचतं तेव्हा हवा संपते, मातीतलं लोखंड विरघळून सरकतं आणि हवा परत आली की गंजून बसतं, त्या सगळ्या वर्षांची ती नोंद समजा. तांबूस-राखाडी ठिपके जिथं सुरू होतात तिथपर्यंत वसंतात पाणी येतं, यासाठी कुठलं मीटर नको. अर्ध्या तासात खड्ड्याच्या तळाला पाणी झिरपून माझ्या बुटाच्या सोलएवढं साचलं होतं. झाड तिथं लावलं नाही, 12 इंचाचा उंचवटा करून त्यावर लावलं.

वापसा बघायची पद्धत सोपी आहे, फक्त वरची माती घेऊ नका. चार-पाच इंच खालची मूठभर घ्या, लाडू वळा आणि अंगठ्याने दाबा. फुटून भुगा झाला तर आत उतरा, नुसता खड्डा पडला किंवा चकाकी आली तर फावडं परत गराजमध्ये. बोटांनी दाबून पट्टी काढता आली, चकलीच्या पिठासारखी, तर अजून तीन-चार दिवस तरी विसरा. दोन-तीन ठिकाणची घ्या, कारण एकाच बागेत वरचा कोपरा मंगळवारी तयार आणि खालचा पुढच्या सोमवारी असं होतं. आणि ज्यांच्या बेसमेंटमध्ये संप पंप (खाली झिरपलेलं पाणी बाहेर फेकणारा) आहे त्यांनी त्याच्याकडे कान द्या, पाऊस नसताना पण पंप दर थोड्या वेळाने चालू होत असेल तर जमिनीखाली पाणी अजून वरच आहे. आमच्याकडे पंपाची घरघर थांबली की बायको म्हणते, चला, आता बी काढा.

ओल्यात नांगरलं तर काय होतं ते वर सांगितलंच, पण ओल्यात नुसतं चाललं तरी बिघडतं. मातीतली भोकं दबली की पाणी खाली जायला आणखी वेळ, म्हणजे पुढच्या पावसात अजून ओली. वाफ्यांच्या मधे चालायला ठरलेली वाट ठेवा, त्यावर लाकडाचा भुगा टाका आणि वाफ्यावर पाय देऊच नका. जे दोघं-तिघं भाड्याने दहा-पंधरा एकर करतायत त्यांना एवढंच सांगीन, शेजाऱ्याचं पेरणीयंत्र, प्लांटर, दिसलं म्हणून आपला काढायचा नाही, त्याच्या रानात टाइल, म्हणजे जमिनीखालचे पाणी काढायचे पाइप, असतील, तुमच्यात नसेल. बी ओल्यात पेरलं की चाकाने तासाच्या भिंती गुळगुळीत लिंपल्या जातात, मुळं त्या भिंतीच्या बाहेर पडतच नाहीत, तासातच आडवी धावतात आणि जुलैत ऊन तापलं की पीक आधी माना टाकतं.

तारखांचं म्हणाल तर मका-सोयाबीनला चार इंचावर माती 50 डिग्री फॅरनहाइट आणि पुढे उबदार दिवसांचा अंदाज, मग पेरा, बहुतेक वर्षी हे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून जमतं. ओली माती उशिरा तापते हे लक्षात घ्या, पाणी तापवायला वेळ लागतोच. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांना थंडी चालते, एप्रिलच्या मध्यात गादीवाफ्यावर टाका, उशीर केलात तर मेथी जूनच्या उन्हात लगेच फुलावर येते. टोमॅटो, मिरची, वांगी मदर्स डेच्या (मेचा दुसरा रविवार) आधी बाहेर नाही म्हणजे नाही, इथं मेच्या पहिल्या आठवड्यात पण दंव पडतं. भेंडी, दुधी, कारलं, दोडका यांना माती 65 ते 70 लागते, मेचा शेवट समजा. दुधी-कारल्याचं बी एप्रिलच्या शेवटी घरात कपात लावून ठेवलं तर चार आठवडे वाचतात. गवार मी दोनदा लावली, दोन्ही वेळा जूनच्या पावसात पिवळी पडली, सोडून दिली.

गादीवाफा या मातीत चैन नाही, गरज आहे. आठ ते बारा इंच उंच, तीन-चार फूट रुंद, कडेला लाकूड नसलं तरी चालतं, बाजूच्या चरीतली माती उपसून वर घातली की झालं. त्याने मुळांना महिनाभर आधी कोरडी, उबदार जागा मिळते. मिरची आणि भोपळ्याच्या वर्गातल्या वेलांना तर नक्की करा, पाणी साचलं की फायटोफ्थोरा हा कुजवणारा रोग येतो आणि भरात आलेलं झाड दोन दिवसांत मान टाकतं, त्याला मग औषध मारून फार उपयोग नसतो. चुना टाकू नका. आपल्याकडचे काही जण सवयीने टाकतात, चुलीतली राख पण ओततात, पण या गाळात चुनखडी मूळचीच आहे, दोन-चार फुटांवर सापडते. शेजारच्या कॅनिस्टीओ मातीत, नकाशात नंबर 507, ती वरपर्यंत आलेली असते, तिथं सोयाबीन कोवळं असताना पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात ते लोहाच्या कमतरतेने. निकोलेटमध्ये वर सामू साधारण उदासीन असतो, माती परीक्षण केल्याशिवाय हात लावू नका.

नत्राचं जरा सविस्तर सांगतो कारण पैसे इथं वाहून जातात. मे-जून हे इथले सगळ्यात जास्त पावसाचे महिने आणि नेमकं तेव्हाच मक्याचं खत जमिनीत बसलेलं असतं. माती 50 डिग्रीच्या वर तापली आणि दोन-तीन दिवस पाण्यात राहिली की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नत्र वायू करून उडवतात, जेवढी ऊब जास्त तेवढं जास्त. उरलेलं टाइलमधनं ओढ्याला आणि तिथनं नदीला जातं, डे मॉइनला प्यायच्या पाण्यातलं नायट्रेट काढायला वेगळा प्लांट चालवायला लागतो तो त्यामुळेच. म्हणून सगळं नत्र एकदम देऊ नका. थोडं पेरताना द्या, मका 6 ते 12 इंच झाला की फूटभर खोलीपर्यंतचे नमुने काढून लेट स्प्रिंग नायट्रेट टेस्ट करा, 25 पीपीएमच्या (दहा लाखात 25 भाग) आसपास किंवा वर आलं तर आणखी द्यायची गरज नाही. परसबागेत तर युरियाचं पोतं आणूच नका, ही माती ऊब आली की स्वतःच बरंच सोडते, नुसत्या नत्रावर माझी वांगी पाच फूट वाढली आणि फळं मोजून चार.

कोवळा मका पाण्याखाली गेला तर लगेच मोडू नका. हवा थंड असेल तर दोन-चार दिवस तग धरतो, 77 डिग्रीच्या वर असेल तर एका दिवसात पण मरू शकतो. पाणी ओसरल्यावर तीन-चार दिवस थांबा, रोप उपटून उभं चिरा, आतला वाढीचा कोंब पांढरा टणक असेल तर जगेल, तपकिरी लिबलिबीत असेल तर तिथं परत पेरायचा विचार करा.

ज्यांनी गेल्या सप्टेंबरमध्ये राय (हिवाळाभर जमीन झाकणारं गव्हासारखं पीक) टाकली होती त्यांचं या वर्षी बरं चाललंय, ती उभी राय एप्रिलमध्ये पाणी पिते आणि वापसा लवकर येतो. पण मक्याच्या दहा ते चौदा दिवस आधी ती मारायला हवी, हिरवी दिसते म्हणून ठेवली तर मग मक्याचंच पाणी आणि नत्र खाते.

टाइलबद्दल दोन गोष्टी. जुन्या एकरेजवर (गावाबाहेरच्या घर-जमिनीवर) शंभरेक वर्षांपूर्वीची मातीची टाइल असते, तीन-चार फूट खाली, पावसानंतर अचानक जमिनीत खड्डा पडला तर खालची टाइल फुटलेली समजा. खणायच्या आधी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या लायनी दाखवणाऱ्या सेवेला, फोन करा, पण ते गॅस-वीज दाखवतील, तुमची खाजगी टाइल दाखवणार नाहीत, ती आधीच्या मालकाला किंवा शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारायची. त्या लायनीवर विलो लावू नका, मुळं पाइपात शिरतात. शेतात नवीन टाइल टाकायची असेल तर आधी एनआरसीएसच्या (माती-पाणी संवर्धनाचं केंद्र सरकारचं खातं) ऑफिसात जाऊन ती जागा पाणथळ म्हणून नोंदलेली नाही ना ते बघा, नाहीतर सरकारी योजना जातात. आणि नवीन कॉलनीत घर असेल तर यातलं अर्धं विसरा, आमच्या आधीच्या घरी बिल्डरने वरचा काळा थर खरवडून नेला होता आणि खालच्या पिवळट गाळावर लॉन अंथरलं होतं, तिथं नकाशात 55 दिसलं तरी निकोलेट उरलेली नसते.

माझ्या बागेच्या खालच्या कोपऱ्यात तीन वर्ष भेंडी लावली, तीनही वर्ष बुडाली. चौथ्या वर्षी तिथं इंडियन स्टोअरमधल्या मोड आलेल्या अळकुड्या पुरल्या, मेच्या शेवटी, तीन इंच खोल. जुलैत पानं सुपाएवढी झाली. गड्डे ऑक्टोबरच्या दंवाआधी उपटून बेसमेंटमध्ये कागदात ठेवायचे, पुढच्या मेमध्ये परत तेच.