जुन्या स्पोर्ट्स कारच्या केबिनमध्ये रस्त्याचा आवाज घुमतोय? कारण असं शोधा

दहा-पंधरा वर्षं वापरलेली टू-डोअर गाडी हायवेला लागली की आत भणभण सुरू होते, आणि पहिला सल्ला मिळतो तो आतून पत्र्याला चिकटवायची डॅम्पिंग शीट मारून घेण्याचा. कृपा करून आधी शीट मारू नका. शीटमुळे पत्र्याची थरथर कमी होते, पण आवाजाचं मूळ तिथेच राहतं. ते मूळ चाकाचं बेअरिंग असेल, तर आवाज दबल्यामुळे धोक्याची सूचनाही मिळायची थांबते.

अशा गाडीत थोडा आवाज असणारच. टायर रुंद आणि कमी उंचीचे, सस्पेन्शन कडक, सॉफ्ट टॉप असेल तर डोक्यावर नुसतं कापड. आपल्याला शोधायचा आहे तो पूर्वी नसलेला, नंतर वाढलेला आवाज. त्यासाठी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: काय बदललं की आवाज बदलतो?

आधी रस्त्याचा एक पट्टा ठरवा

कोल्हापूरजवळच्या हायवेवर गोकुळ शिरगाव ते कागल किंवा शिरोली ते किणी, यातला काम चालू नसलेला, सपाट भाग निवडा. पहाटे जा, गर्दी कमी असते. टायर थंड असताना हवा तपासून घ्या. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच भरा. काचा वर, एसी आणि गाणी बंद, वेग ८०. शेजारच्या माणसाने सीटबेल्ट लावून बसावं आणि फोनवरच्या साउंड मीटर ॲपचा आकडा टिपावा. फोन दर वेळी एकाच जागी, एकाच दिशेने धरा. फोनचा डेसिबल आकडा अचूक नसतो, पण आधी-नंतरची तुलना करायला चालतो. १० डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

आता ८० चा वेग कायम ठेवून पाचव्या गिअरवरून चौथ्यावर या. चाकं तितकीच फिरतात, इंजिनचा वेग मात्र वाढतो. भणभण बदलली तर चाकांचा विचार सोडा. सायलेन्सर, त्याची रबरं आणि इंजिन माउंटिंग पाहा. आधीच्या मालकाने सायलेन्सर बदललेला असेल तर बऱ्याचदा उत्तर इथेच मिळतं. इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते अशा गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की बारीक रडका सूर येतो आणि सोडला की जातो किंवा बदलतो, असं असेल तर डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) तेल आणि त्यातले क्राऊन-पिनियन गिअर तपासायला सांगा.

गिअर बदलून काहीच फरक पडला नाही, तर पुढे चला.

टायर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

खडबडीत डांबरावर गर्जना आणि गुळगुळीत तुकड्यावर एकदम शांतता, हे टायरचं लक्षण. बेअरिंगला रस्त्याच्या पृष्ठभागाचं फारसं देणंघेणं नसतं.

रविवारपुरत्या बाहेर निघणाऱ्या गाड्यांचे टायर फसवे असतात. नक्षी खोल दिसते, म्हणून मालक निश्चिंत असतो, पण रबर वयाने कडक झालेलं असतं. टायरच्या कडेवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर असेल तर माझा संशय आधी त्याच्यावर. रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) टायर असतील तर त्यांची कड मुळातच ताठ असते, त्यामुळे आवाज आणखी वाढतो.

मग हात फिरवा. नक्षीवरून आडवा हात नेताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कडा बोटाला लागत असतील, तर अलाइनमेंट बिघडलं आहे. टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने खळगे लागले तर शॉकअप थकले आहेत किंवा बॅलन्सिंग गेलं आहे. असा टायर वूं-वूं असा तालात वाजतो. २२५/४५ आर १७ टायरचा घेर सुमारे दोन मीटर, म्हणजे ८० च्या वेगाला तो सेकंदाला अकरा वेळा फिरतो आणि प्रत्येक खळगा तितक्या वेळा रस्त्यावर आपटतो. अलाइनमेंट दुरुस्त केलं तरी खाल्लेला टायर लगेच गप्प होत नाही, हे लक्षात असू द्या.

पुढचे-मागचे टायर एकाच मापाचे असतील तर त्याच बाजूला पुढे-मागे बदलून तोच पट्टा धावा. आवाजाची जागा हलली तर टायरच दोषी. माप वेगळं असेल तर हा प्रयोग करू नका.

बेअरिंग

याचा आवाज लांबून विमान गेल्यासारखा, वेगाबरोबर चढणारा. मोकळ्या रस्त्यावर लांब, सौम्य वळण शोधा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो; तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग संशयित, उजवीकडे वळताना वाढला तर डावीकडचं. पन्हाळ्याच्या घाटातली वळणं यासाठी कामाची नाहीत, तिथे वेग इतका उतरतो की आवाज ऐकूच येत नाही.

खात्रीसाठी गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, जॅकने उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर काम करू नका. गाडी न्यूट्रलमध्ये, मागची चाकं तपासताना हँडब्रेक सोडलेला. चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खरखर हाताला लागते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिलेपणा जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला आहे. नीट होईपर्यंत हायवेला नेऊ नका.

बदलताना हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका, ते नवं बेअरिंगही लवकर वाजायला लागतं. हायड्रॉलिक प्रेसवरच बसवून घ्या. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात प्रेस सहज मिळतो. एबीएस ब्रेकच्या सेन्सरसाठी चुंबकीय कड असलेलं बेअरिंग कोणत्या बाजूने बसतं तेही आधी पाहून घ्या.

वारा आणि भोकं

शीळ किंवा सूं-सूं असेल तर वारा. दाराच्या फटीवर बाहेरून मास्किंग टेप लावून धावा, एकेक भाग उघडत चला. बीडिंगमध्ये, म्हणजे दाराच्या कडेच्या रबरात, कागद अडकवून दार बंद करा. जिथे तो सहज ओढून निघतो तिथे रबर दबून चपटं झालेलं आहे. बिनफ्रेमच्या दारांत हँडल ओढलं की काच थोडी खाली येते आणि दार लागलं की वर चढते. बॅटरी काढली-घातली असेल तर अनेक गाड्यांत काचेची ही जागा पुन्हा शिकवावी लागते. केवढा तरी आवाज तेवढ्यानेच जातो.

चाकांच्या वरचं फेंडर लायनिंग (पत्र्याखालचं आवरण) जागेवर आहे का पाहा. अपघाताच्या दुरुस्तीत ते बरेचदा परत लागतच नाही, आणि खडे थेट पत्र्यावर आपटतात.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं. या भागात जुनी गाडी घेतली असेल तर कार्पेट उचलून बघाच. पाणी काढायला फ्लोअरचे रबरी बुच उघडतात आणि परत लावायचे राहतात. कार्पेटखालचा फेल्ट (जाड नमद्याचा थर) ओला होऊन गोळा झाला असेल तर तो आवाज शोषत नाही. पुरातून गेलेल्या गाडीच्या बेअरिंगचं ग्रीसही तपासून घ्या.

हे सगळं नीट करून त्याच पट्ट्यावर पुन्हा मोजा. तरीही पोकळ घुमारा उरला तर आता शीटची वेळ आली. डिकीचा तळ आणि मागच्या चाकांवरचा पत्रा बोटाने वाजवा. जिथे टणटण वाजतो तिथे ब्युटाइल शीट लावा. पत्र्याचा पाव ते अर्धा भाग झाकला तरी पुरतं. दारात लावताना पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवा. इथल्या पावसात ती बुजली तर दार आतून गंजायला लागतं.