वाणिज्य की संगणक? निर्णय होण्याआधी हमखास प्रवेशाची महाविद्यालये कशी निवडावीत

बारावीनंतर बीबीए (व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी) करावे की बीसीए (संगणकाची पदवी), हे ठरत नसेल, तर दोन्ही अभ्यासक्रम एकाच ठिकाणी शिकवणारी महाविद्यालये आधी शोधावीत. 2024 पासून महाराष्ट्रात या दोहोंसाठी एकच सामायिक प्रवेश परीक्षा आहे, त्यामुळे अर्ज भरतानाच शाखा पक्की करण्याची घाई नसते.

मागील वर्षीचे कटऑफ, म्हणजे प्रत्येक महाविद्यालयात शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला ते आकडे, छापून घ्या आणि पेन्सिलने आपल्या पर्सेंटाइलची (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत त्या आकड्याची) रेघ ओढा. रेघेच्या जेमतेम खाली येणारे महाविद्यालय हमखास नव्हे. आपल्याच प्रवर्गाच्या रकान्यात, प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत नव्हे तर पहिल्याच फेरीत ज्याचा कटऑफ रेघेच्या बराच खाली थांबला, तेच खरे सुरक्षित मानावे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते स्वीकारावेच लागते, म्हणून सुरक्षित नाव पसंतीच्या यादीत शेवटी ठेवावे, भीतीपोटी वर आणू नये.

पुण्याला जाऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या मुलांनी घरच्यांशी खर्चाचेही मोकळेपणाने बोलावे. पुण्यातील कॉट बेसिसची (एका खाटेपुरते भाडे देऊन राहण्याची) खोली आणि मेस मिळून शुल्काइतकाच भार पडू शकतो. तो पेलणार नसेल तर ते महाविद्यालय गुणांनी कितीही सोपे असले तरी सुरक्षित नाही. याउलट, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न, घरून सायकलने गाठता येणारे महाविद्यालय कमीपणाचे मुळीच नाही.

मात्र जेथे तीन वर्षे आनंदाने शिकता येणार नाही, असे नाव यादीत घालूच नये.