मृगाच्या आधी चुलीपुरतं रान काढून ठेवा

मंडळी, मृग चार दिवसांवर आलाय, सगळ्यांचं डोकं सोयाबीन नि कपाशीच्या बॅगांत अडकलंय, ते अडकणारच, पण पाच एकरातले पाच गुंठे तरी चुलीपुरते काढून ठेवा. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य तळाला लागतं, हातात पैसा नसतो, भाजी महाग, आणि नेमकं तेव्हाच पोरं नुसत्या बटाट्यावर नाहीतर पाच रुपयाच्या पुड्यावर राहतात. पोट भरतं, अंगात रक्त होत नाही. अंगणवाडीत वजन कमी भरलं की आपण ताईंशी भांडतो!

बाजरी घेणार असाल तर धनशक्ती बघा, इक्रिसॅट (हैदराबादजवळची पीक संशोधन संस्था) आणि राहुरी कृषी विद्यापीठाचा वाण आहे, साध्या बाजरीपेक्षा लोह जास्त, अडीच महिन्यांत काढणीला येतो. एकरी दीड किलो बियाणं पुरतं, चांगल्या ओलीवर 15 जुलैच्या आत पेरा. हा हायब्रीड नाही त्यामुळे बी घरचं ठेवता येतं, फक्त शेजाऱ्याची हायब्रीड बांधाला लागून असेल तर भेसळ होते, म्हणून बियाण्याची कणसं प्लॉटच्या मधलीच निवडा. आणि भाकरी खाऊन लगेच चहा ढोसू नका राव, लोह नीट अंगी लागत नाही, तासभर थांबा, कालवणावर लिंबू पिळा. (आमच्याकडे हे कोणी ऐकत नाही, मीपण नाही.)

घरामागं शेवग्याची दोन फाटी रोवा, कंबरेएवढा झाला की शेंडा खुडा म्हणजे पाला हाताला येतो, पिठात मळून थालीपीठ लावलं की पोरांना कळतसुद्धा नाही. कुडाला दोडका, वाल, दुधी चढवा, मोरीच्या सांडपाण्यावर अळू नि केळ. आमच्या आईचं अळू असंच वाढलंय, कधी खत म्हणून टाकलं नाही. चवळी, अंबाडी तुरीच्या कडेनं टाका.

पहिल्या पावसात टाकळा-कुर्डू येईल तो खुडा, पण ज्या बांधावर तणनाशक मारलंय तिथला नको, आणि कपाशीच्या फवाऱ्याचा पंप परसात आणूच नका. पेरून उरलेलं औषध लावलेलं लाल-गुलाबी बियाणं धुऊन दळायला नेणारे बघितलेत मी, ते धुऊन जात नाही, कोंबड्यांनाही टाकू नका, पिशवी बांधून पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा.